मानेत सुई गेल्यावर पापणीकडे कोण बघणार?

"सिस्टर, आईचा हा डोळा बघा ना. सकाळी असा नव्हता."

मी आयसीयूत रात्रपाळीला होते. बोलणारी मुलगी विशीतली असेल. तिच्या आईला संध्याकाळी उजव्या बाजूने मानेत लाइन टाकली होती. मी लांबूनच पाहिलं. उजवी पापणी जराशी खाली आली होती. मी म्हणाले, "दोन दिवस झोप नाही त्यांना. होईल बरं." आणि पुढच्या खाटेकडे वळले.

त्या रात्री बारा रुग्ण होते आणि आम्ही दोघीच. कारण सांगायचं तर माझ्याकडे होतं. पण ती मुलगी पुन्हा काही बोलली नाही. सकाळी राउंडला डॉक्टर आले तेव्हाही तिने विचारलं नाही, कारण सिस्टर 'काही नाही' म्हणाली होती. दोन दिवसांनी एका भूलतज्ज्ञ मॅडमनी मावशींच्या डोळ्यांवर टॉर्च मारली. उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा बारीक होती. मानेतल्या एका मज्जातंतूला इजा झाली होती.

मावशी वाचल्या, घरी गेल्या. काही महिन्यांत पापणीही बरीचशी वर आली. तोवर वस्तीत मात्र 'तोंडावरून वारं गेलं' असं झालं होतं. घरच्यांनी त्यावर तेल-मालिश केलं, पैसे घालवले. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर डोळ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

दवाखान्यातली नोकरी सोडून मला आता बरीच वर्षं झाली. पण वस्तीत फिरताना मानेवर ती छोटी खूण असलेला माणूस दिसला की मी अजून आधी त्याच्या पापण्या बघते. आज हे लिहिण्याचं कारण तेच.

सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगते. हा लेख मानेतल्या लाइनच्या विरोधात नाही. त्या लाइनने हजारो जीव वाचतात. मावशींचाही वाचला. माझं म्हणणं एवढंच आहे की दुर्मिळ इजा दरवेळी टाळता येईलच असं नाही, पण झालेली इजा न बघणं नक्की टाळता येतं. त्यासाठी लाइन टाकल्यावर काय बघायचं हे रुग्णाला आणि त्याच्या माणसांना सांगितलं पाहिजे, कागदावर लिहून दिलं पाहिजे. ती दवाखान्याची मेहेरबानी नाही, कामाचा भाग आहे.

नस कोणती?

आपल्या बोलण्यात एक घोळ आहे, तो आधी सोडवू. सलाईन लावताना आपण म्हणतो, 'नस सापडत नाही.' कंबर धरली की म्हणतो, 'नस दबली.' शब्द एकच, पण वस्तू दोन. पहिली नस म्हणजे शीर. तिच्यातून रक्त हृदयाकडे परत जातं. दुसरी नस म्हणजे मज्जातंतू. त्यातून रक्त जात नाही, मेंदूचा हुकूम जातो आणि अंगाची जाणीव मेंदूकडे येते. तिसरी असते धमनी. तिच्यातून हृदयाकडून जोराने रक्त येतं, बोट ठेवलं की ती उडते. या लेखात मी शीर, मज्जातंतू आणि धमनी असे तीन वेगळे शब्द वापरते.

आता लाइन. हाताच्या शिरेतली साधी सुई सगळ्यांना माहीत आहे. पण काही वेळा ती पुरत नाही. बीपी फार खाली गेलं की ते धरून ठेवणारी औषधं द्यावी लागतात. ती तीव्र असतात, हाताच्या बारीक शिरेबाहेर झिरपली तर तिथली कातडी आणि मांस जाळतात. काहींच्या हातापायाच्या शिरा वारंवार टोचून निकामी झालेल्या असतात. काहींना अचानक डायलिसिस लागतं, त्यासाठी जोरात रक्त ओढणारी मोठी वाट हवी असते. अशा वेळी मानेतल्या मोठ्या शिरेतून एक लांब नळी हृदयाच्या तोंडापर्यंत सरकवतात. तिलाच सेंट्रल लाइन म्हणतात. औषधांची नेहमीची लाइन सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास जाड असते. डायलिसिसची जाड असते, सुमारे ४ मिलिमीटर. आत साधारण १५ सेंटिमीटर जाते.

पद्धत अशी. रुग्णाला उताणं झोपवतात, डोकं जरा खाली आणि मान दुसऱ्या बाजूला वळवलेली. जागा बधिर करतात. सुईने शीर गाठतात, सुईतून बारीक तार आत सोडतात, सुई काढतात, मग तारेवरून नळी सरकवतात आणि तार काढून घेतात. तारेची ही युक्ती सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९५३ साली मांडली. आजही जगभर तीच वापरतात. बहुतेक वेळा उजवी बाजू निवडतात, कारण तिकडून हृदयाची वाट सरळ पडते.

मानेची गल्ली

आपल्या वस्तीतली एखादी अरुंद गल्ली आठवा. नळाचा पाइप, विजेची वायर, केबल, गटार, सगळं एकमेकांना खेटून गेलेलं. एक दुरुस्त करायला खणलं की दुसऱ्याला धक्का. मान तशीच आहे. ज्या शिरेत लाइन टाकायची, तिच्या बाजूलाच मेंदूकडे जाणारी मोठी धमनी असते. दोघींच्या मधे, जरा मागे, आवाज आणि गिळणं सांभाळणारा मज्जातंतू असतो. त्यांच्या मागच्या बाजूला डोळ्याच्या बाहुलीकडे जाणारी मज्जातंतूंची साखळी. थोडं बाहेरच्या अंगाला श्वासपटलाचा मज्जातंतू आणि त्याच्याजवळच हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं. हे सगळं चार बोटं जागेत.

लाइन टाकताना जास्त दिसणारे धोके वेगळे आहेत. सुई धमनीत जाणं, रक्ताची गाठ होणं, फुप्फुसाला छिद्र पडणं आणि पुढे लाइनमधून जंतुसंसर्ग. मज्जातंतूची इजा यापेक्षा पुष्कळ विरळ. पण ती झाली तर प्रत्येक मज्जातंतू आपापली खूण दाखवतो. त्या खुणा ओळखायला पदवी लागत नाही.

पहिली खूण डोळ्याची. बाहुलीकडे जाणाऱ्या साखळीला धक्का लागला की त्या बाजूची पापणी थोडी खाली येते, बाहुली बारीक होते, कधी चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येत नाही. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. हॉर्नर हे स्वित्झर्लंडचे डोळ्यांचे डॉक्टर, त्यांनी १८६९ साली याचं वर्णन केलं. अंधारात दोन बाहुल्यांमधला फरक जास्त कळतो, कारण चांगली बाहुली मोठी होते आणि ही होत नाही. यात नजर सहसा जात नाही, तोंड वाकडं होत नाही, हातपाय लुळे पडत नाहीत. म्हणून हे 'वारं' नव्हे. पण 'झोप झाली नाही' हेही नव्हे.

दुसरी खूण आवाजाची. स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू मानेतून खाली छातीपर्यंत जातो आणि वळसा घेऊन परत वर येतो. त्याला इजा झाली तर आवाज बसतो, घोगरा होतो, जोरात खोकता येत नाही, पाणी पिताना ठसका लागतो. इथे एक सावधपणा हवा. ज्यांना व्हेंटिलेटरसाठी घशात नळी होती, त्यांचा आवाज त्या नळीमुळेही बसतो. कारण कोणतंही असो, तो आठवडाभरात सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरयंत्र बघायला हवं. ठसका लागत असेल तर त्याच दिवशी सांगायचं, कारण पाणी श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो.

तिसरी खूण श्वासाची. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा. श्वास घेण्याचं मोठं काम तोच करतो. त्याचा मज्जातंतू मात्र मानेत उगम पावतो. तो दुखावला तर त्या बाजूचा पडदा हलत नाही. एरवी धडधाकट माणसाला कदाचित कळणारही नाही. पण ज्याचं फुप्फुस आधीच टीबीने किंवा दम्याने खराब आहे, त्याला आडवं झालं की दम लागतो. छातीच्या एक्स-रेमध्ये त्या बाजूचा पडदा वर सरकलेला दिसतो.

चौथी खूण खांद्याची. खांदा उचलणारा मज्जातंतू मानेच्या बाजूने जातो. तो दुखावला तर खांदा खाली पडतो, हात डोक्यावर नेता येत नाही, वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही.

पाचवी खूण हाताची. हाताच्या जाळ्याला सुई लागली किंवा रक्ताच्या गाठीचा दाब आला, तर हातात चमक जाते, मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, पकड सुटते. सुई आत जाताना हातात विजेसारखा झटका बसला तर रुग्णाने त्याच क्षणी बोलायचं. 'डॉक्टर रागावतील' म्हणून दात-ओठ आवळून सहन करायचं नाही. तो झटका डॉक्टरांच्याही उपयोगाची माहिती आहे.

इजा होते कशी आणि कमी कशी होईल

सुई थेट मज्जातंतूला लागणं हा एक मार्ग. दुसरा रक्ताच्या गाठीचा. सुई धमनीत गेली, रक्त साचलं आणि त्या गाठीने शेजारचा मज्जातंतू दाबला. तिसरा मार्ग साधा आणि तात्पुरता. बधिर करायचं औषध आजूबाजूला पसरतं आणि शेजारचा मज्जातंतूही काही वेळ सुन्न होतो. तसं असेल तर औषध उतरलं की काही तासांत पापणी किंवा आवाज पूर्ववत होतो. काही तास उलटूनही फरक राहिला तर ते औषधावर ढकलता येत नाही.

जितक्या जास्त वेळा टोचावं लागतं, तितका धोका वाढतो. यावर उपाय माहीत आहे. सोनोग्राफीच्या मशिनवर शीर आणि धमनी दोन्ही डोळ्यांसमोर दिसतात, सुई पुढे कुठे चालली तेही दिसतं. इंग्लंडमध्ये तिथल्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २००२ सालीच मानेतली लाइन सोनोग्राफीने बघून टाकावी अशी शिफारस केली. याने धोका शून्य होत नाही, कारण बारीक मज्जातंतू पडद्यावर नेहमी ओळखता येत नाहीत. पण टोचण्या कमी होतात, धमनी वाचते, रक्ताची गाठ टळते.

आपल्याकडे या मशिनचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे. गर्भलिंग तपासणी रोखण्यासाठी १९९४ साली केंद्राचा कायदा आला. त्याआधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशिनची नोंदणी लागते, ते कुठे ठेवायचं आणि कोणी वापरायचं यावर बंधन असतं. हा कायदा मुलींच्या जिवासाठी आहे, तो सैल करा असं मी कधीही म्हणणार नाही. पण 'कायद्याची कटकट नको' म्हणून आयसीयूत मशिनच न ठेवणं, हे मला मान्य नाही. नोंदणी करून आयसीयूसाठी मशिन ठेवता येतं. मोठ्या खाजगी रुग्णालयात ते असतंच. आपली माणसं ज्या लहान नर्सिंग होममध्ये आणि गर्दीच्या सरकारी वॉर्डात जातात, तिथे मात्र अजून बोटाने चाचपून सुई घालतात. हात कितीही तयार असला तरी कातडीखालचं त्याला दिसत नाही.

सांगायचं किती आणि कधी?

डॉक्टर मंडळींचं एक म्हणणं असतं आणि ते मी खोटं मानत नाही. ते म्हणतात, "सिस्टर, लाखात एखादी गोष्ट सांगितली तर नातेवाईक घाबरतात. लाइनला नाही म्हणतात आणि रुग्ण जातो." असं होताना मीही पाहिलं आहे.

कायदा काय म्हणतो तेही समजून घ्या. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, दुसरे पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढं रुग्णाला सांगितलंच पाहिजे, असं त्यात आहे. पण रुग्णाला घाबरवतील असे अगदी दूरचे, कल्पनेतले धोके सांगायची सक्ती नाही, हेही त्याच निकालात आहे. जीव वाचवायची घाई असेल तर संमतीवाचूनही उपचार करता येतो. म्हणजे बेशुद्ध रुग्णाला लाइन टाकताना मज्जातंतूंची यादी वाचून दाखवली नाही, म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाहीत.

मग माझी तक्रार काय? तक्रार ही की 'आधी सांगायची सक्ती नाही' याचा अर्थ आपण 'कधीच सांगायचं नाही' असा करून टाकला. सही घ्यायच्या आधी दुर्मिळ धोका सांगितला तर माणूस घाबरून नाही म्हणेल, हे मान्य. पण लाइन टाकून झाल्यावर ती भीती उरत नाही. तेव्हा सांगायला काय अडतं? "मावशी, लाइन नीट बसली. आता डोळा, आवाज, श्वास, खांदा, हात यात काही बदल वाटला तर लगेच सांगा." दोन वाक्यं. अर्धा मिनिट. याने कोणी पळून जात नाही. उलट वॉर्डात आणखी दोन डोळे लक्ष ठेवायला मिळतात. आणि हे दोन डोळे फार मोलाचे. मावशींची पापणी सकाळी कशी होती, हे मला माहीत नव्हतं. तिच्या मुलीला माहीत होतं.

शिरेतून हृदयापर्यंत नळी नेण्याची पहिली गाजलेली गोष्टही एका नर्सची आहे. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरला हा प्रयोग करायचा होता. उपकरणांच्या किल्ल्या नर्स गेर्डा डिट्झेन यांच्याकडे होत्या. प्रयोग माझ्यावर करा, असं म्हणून त्या तयार झाल्या. फोर्समनने त्यांना टेबलावर झोपवून हातपाय बांधले आणि नळी स्वतःच्याच हाताच्या शिरेत घातली. लक्षात आल्यावर त्या चिडल्या, पण मग त्यांनीच त्याला एक्स-रेपर्यंत न्यायला मदत केली. १९५६ मध्ये फोर्समनला नोबेल मिळालं. या गोष्टीत सगळे डॉक्टरच्या धाडसाचं कौतुक करतात. मला मात्र टेबलावर बांधलेली ती बाई दिसते. जिने विश्वास टाकला, तिलाच काय चाललंय ते कळू दिलं नव्हतं. विश्वास टाकणाऱ्याला अंधारात ठेवायची सवय या लाइनइतकीच जुनी आहे.

दोन मिनिटांची तपासणी

नर्स प्रत्येक पाळीला लाइनची जागा बघतेच. लाल झाली का, पू आहे का, पट्टी ओली आहे का. त्याच तक्त्यात आणखी पाच रकाने हवेत, असं माझं मत आहे. आणि तीच तपासणी लाइन टाकायच्या आधीही एकदा व्हावी, म्हणजे आधीचं आणि नंतरचं यांची तुलना करता येईल. रुग्ण शुद्धीवर असेल तर घरच्या माणसालाही हे करता येतं.

१. डोळे : दोन्ही पापण्या आणि दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का? लाइनच्या आधी चेहऱ्याचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा, नंतरच्याशी जुळवून बघा. फोटो काढायला आधी विचारा.

२. आवाज : 'तुमचं पूर्ण नाव सांगा.' आवाज नेहमीसारखा आहे का? पाणी प्यायला परवानगी असेल तरच चमचाभर देऊन ठसका लागतो का बघा. परवानगी नसेल तर देऊ नका.

३. श्वास : आडवं झाल्यावर आधी नव्हता असा दम लागतो का?

४. खांदा : दोन्ही खांदे सारखे वर उचलता येतात का?

५. हात : 'माझी बोटं घट्ट दाबा.' दोन्ही हातांची पकड सारखी आहे का? मुंग्या, बधिरपणा?

फरक दिसला तर सिस्टरला सांगा, डॉक्टरांना बोलवायला सांगा आणि वेळ एका कागदावर लिहून ठेवा. पापणीचा फरक किरकोळ वाटला तरी सांगा, कारण कधी कधी धमनीला इजा झाल्यामुळेही तीच खूण दिसते आणि ते तातडीने बघावं लागतं.

काही गोष्टींना तर एक मिनिटही थांबायचं नाही. मानेवर सूज वाढत चालली, श्वास कोंडू लागला, छातीत दुखू लागलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय पडला, तर ओरडून मदत बोलवा. ती मज्जातंतूची किरकोळ तक्रार नसते.

मज्जातंतूची इजा ठरलीच तर पुढे काय? सुईने हलका धक्का लागला असेल तर तो बहुधा आपोआप सुधारतो. तंतू वाढायचा वेग रोज साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. म्हणून महिने लागतात. तोवर खांदा किंवा हात आखडू नये म्हणून फिजिओथेरपी चालू ठेवायची. मालिशवाल्याकडे जाऊन मान मोडून घ्यायची नाही. हात अशक्त राहिला तर साधारण तीन आठवड्यांनी मज्जातंतूंची विजेची तपासणी करतात, त्याआधी ती पूर्ण चित्र दाखवत नाही.

डायलिसिसच्या घरांसाठी

आपल्या वस्त्यांमध्ये मानेतल्या लाइनचा संबंध सर्वांत जास्त येतो तो डायलिसिसमुळे. साखर आणि बीपी वर्षानुवर्षं तपासलेलं नसतं. मूत्रपिंड बंद पडल्यावरच दवाखाना गाठला जातो. मग त्याच दिवशी मानेत जाड लाइन. ती खराब झाली की दुसरी, मग दुसऱ्या बाजूने. प्रत्येक वेळी पुन्हा त्याच अरुंद गल्लीत सुई.

यावर उपाय आहे हातावरचा फिस्टुला. छोट्या ऑपरेशनने हाताची शीर आणि धमनी जोडतात. तो वापरण्याजोगा व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, काही वेळा जास्त. म्हणून डॉक्टर 'मूत्रपिंड कमी काम करतंय' म्हणाले की त्याच भेटीत विचारा, "फिस्टुला कधी करायचा?" ज्या हातावर तो होणार, त्या हातावर सुई टोचू देऊ नका आणि बीपी घेऊ देऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. फिस्टुलाचं काय, हे योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. मानेतली पुढची सुई टाळायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

भांडण नको, कागद हवा

एक गोष्ट ठासून सांगते. मज्जातंतूला इजा झाली म्हणजे डॉक्टरांनी चूक केलीच, असं नाही. सोनोग्राफी लावून, सगळी काळजी घेऊनही ती होऊ शकते. म्हणून वॉर्डात आवाज चढवणं, हात उगारणं हे आपलं काम नाही. त्याने पापणी वर येत नाही, आणि पुढच्या रुग्णाला तिथले डॉक्टर हात लावायला घाबरतात.

आपलं काम प्रश्न विचारण्याचं आणि कागद मागण्याचं. सही करण्यापूर्वी, वेळ असेल तर, चार प्रश्न : लाइन कशासाठी? हातातून भागणार नाही का? सोनोग्राफीने बघून टाकणार का? नंतर आम्ही काय बघायचं? फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत सांगा म्हणायला लाजू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत १७ हक्क आहेत, त्यात माहिती आणि संमतीचा हक्क आहे. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर लाइन कोणत्या बाजूला होती, कोणत्या तारखेला टाकली, कधी काढली आणि काही त्रास झाला का, एवढं लिहून घ्या. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत रुग्णाचे कागद द्यावेत, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे.

आणि माझ्या सिस्टर बहिणींनो, तुमच्यासाठी शेवटचं. बारा रुग्णांना दोघी, हे चुकीचंच आहे. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण 'काही नाही, होईल बरं' हे वाक्य मी त्या रात्री न बघताच बोलले होते. टॉर्च माझ्या खिशात होती. एखादी मुलगी 'सकाळी असं नव्हतं' म्हणाली, तर ती तुमचा वेळ खात नाही, तुमचं काम हलकं करते. तिचं ऐका, दोन पावलं पुढे जा आणि टॉर्च लावा.

वाचकहो, हे पान जपून ठेवा. रविवारी विहारात जमाल तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवा. पाच शब्द पाठ करायला सांगा : डोळा, आवाज, श्वास, खांदा, हात. घरातलं कोणी आयसीयूत असेल तेव्हा तेवढे पुरतात.